‘अ‍ॅडमिन’ म्हणजे नक्की कोण?



मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख देणार म्हटल्यावर माझी रूममेट पोट धरून हसली. तिचंही बरोबर आहे. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मराठीचा तास आठवड्यातून मोजून तीन वेळा, आणि त्यातही निबंध आईकडून लिहून घ्यायची सवय! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच सांगायचा आहे, कारण त्यातली एक गोष्ट मी ज्या माणसाला सांगू इच्छिते, त्याला इंग्रजी विभाग वाचता येत नाही.

हॉस्टेलवर दोन प्रश्न रोज विचारले जातात. मेसला भाजी काय आहे, आणि नेट का गेलं? पहिल्याचं उत्तर मेसच्या मावशीसुद्धा जेवणाच्या वेळेपर्यंत सांगत नाहीत. दुसऱ्याचं उत्तर द्यायला आपल्या हॉस्टेलची नेट कमिटी आहे आणि गेली दोन वर्षं मी तिची सभासद आहे. या दोन वर्षांत जे शिकले ते इथे मांडते. सिलॅबसमध्ये यातला निम्मा भाग आहे. उरलेला निम्मा मी चूक करून शिकले.

गेटवे : फाटकावरचा वॉचमन

आपल्या प्रत्येक रूममध्ये एक छोटा राउटर आहे. त्या सगळ्या राउटरच्या वायरी स्विचमधून फिरत फिरत तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये येतात आणि तिथे एका पेटीला मिळतात. ही पेटी म्हणजे आपला गेटवे. मोठ्या टेलिकॉम कंपन्यांकडे याच कामाचं फार मोठं यंत्र असतं. पूर्वी त्याला ब्रॉडबँड रिमोट अ‍ॅक्सेस सर्व्हर म्हणत, आता ब्रॉडबँड नेटवर्क गेटवे म्हणजे बीएनजी म्हणतात. त्या एका यंत्रावर हजारो घरांची जोडणी येऊन मिळते. आपल्याकडे दोन हॉस्टेल मिळून दोनशेच्या आत रूम, पण काम तेच.

हे काम समजायला आपल्या फाटकावरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. तो तीन गोष्टी करतो. तुम्ही कोण ते विचारतो, तुम्हाला आत सोडायचं की नाही ते ठरवतो, आणि वहीत वेळ लिहितो. नेटवर्कच्या भाषेत यालाच ऑथेंटिकेशन, ऑथरायझेशन आणि अकाउंटिंग म्हणतात. व्हायवाला ‘ट्रिपल ए’ विचारलं की हा वॉचमन आठवा, उत्तर चुकणार नाही!

रूममधला राउटर चालू झाला की तो आधी नेटवर्कवर हाक मारतो, ‘कोणी गेटवे आहे का?’ गेटवे ओ देतो. मग दोघांत एक सेशन ठरतं आणि त्या सेशनमधून युजरनेम-पासवर्ड जातो. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. तिचं वर्णन करणारा आरएफसी २५१६ हा दस्तऐवज १९९९ साली निघाला. आपल्या गेटवेकडे स्वतःची यादी नसते. तो रेडियस नावाच्या सर्व्हरला विचारतो, ‘रूम २१४ आली आहे, सोडू का?’ सर्व्हर हो किंवा नाही सांगतो. ही विचारपूस यूडीपी पोर्ट १८१२ वर चालते. आत सोडल्यावर गेटवे १८१३ वर ‘स्टार्ट’ असा निरोप पाठवतो, अधूनमधून किती डेटा वापरला ते कळवतो, आणि सेशन संपलं की ‘स्टॉप’ पाठवतो. म्हणजे वहीत ‘इन’ आणि ‘आउट’ची नोंद झाली.

आता गंमत बघा. समजा लाइट गेली आणि सगळंच एकदम बंद पडलं, किंवा नेमका ‘स्टॉप’चा निरोप वाटेत हरवला. (यूडीपी आहे, हरवू शकतो. पाठवणारा पुन्हा पुन्हा पाठवतो, पण तोच बंद पडला तर?) वहीत ‘आउट’ लिहायचं राहून गेलं. लाइट आल्यावर रूम २१४ पुन्हा दारात येते, आणि सर्व्हर म्हणतो, ‘२१४ तर आधीच आत आहे, तू कोण?’ नेट चालू होत नाही. तुम्ही राउटर दहा वेळा बंद-चालू करता, मग कमिटीला शिव्या घालता. यात तुमची चूक नसते, राउटरचीही नसते. जुनं अडकलेलं सेशन कोणीतरी हाताने काढावं लागतं. हे ‘हाताने काढणं’ लक्षात ठेवा, पुढे त्याचाच घोळ आहे.

पहारा कसा ठेवतात?

गेटवे ठीक चालला आहे की नाही हे चोवीस तास पेटीसमोर बसून कोण बघणार? त्यासाठी नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअर असतं. ते बहुधा एसएनएमपी नावाच्या प्रोटोकॉलने काम करतं. आरएफसी ११५७ हे त्याच्या पहिल्या आवृत्तीचं प्रमाण रूप १९९० सालचं, म्हणजे माझ्यापेक्षा बरंच मोठं. सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने, बहुतेक ठिकाणी दर पाच मिनिटांनी, पेटीला प्रश्न विचारतं. तुझा प्रोसेसर किती तापलाय? मेमरी किती भरली? किती सेशन चालू आहेत? या पोर्टमधून आतापर्यंत किती बाइट गेले? उत्तरं साठवून त्यांचे आलेख काढतं. आणि काही अचानक बिघडलं तर पेटी स्वतःहून ओरडते, त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. प्रश्न पोर्ट १६१ वर जातात, ट्रॅप १६२ वर येतात.

आलेख रंगीत असतो, त्यामुळे तो खरा वाटतो. पण तो वाचायलाही शिकावं लागतं. आमच्याच कमिटीचा किस्सा सांगते.

गेल्या वर्षी आपली लाइन बदलून १ गिगाबिटची झाली. तरी रात्री दहा ते बारा सगळे बोंबलत होते की नेट रांगतंय. रेक्टर मॅडमनी आलेख मागवला. आलेख सांगत होता, वापर कधीच ११५ मेगाबिटच्या वर गेला नाही. म्हणजे लाइन जवळजवळ रिकामी! मॅडम म्हणाल्या, ‘तुम्हाला तक्रार करायची सवयच लागली आहे.’ आम्ही गप्प. आलेखापुढे काय बोलणार?

मग एका रविवारी मी वही-पेन घेऊन बसले. पेटीतला जुना बाइट-मोजणारा आकडा ३२ बिटांचा असतो. तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो, जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा. १ गिगाबिट वेगाने सेकंदाला १२.५ कोटी बाइट जातात. म्हणजे हा आकडा साधारण ३४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. आमचं सॉफ्टवेअर बघत होतं दर ३०० सेकंदांनी! मधल्या काळात मीटर आठ वेळा फिरून आला तरी त्याला कळणार कसं? ते जास्तीत जास्त एकच फेरी धरतं. एका फेरीचे बाइट घ्या, ८ ने गुणून बिट करा, ३०० सेकंदांनी भागा. उत्तर येतं ११४.५ मेगाबिट. हाच तो आमच्या आलेखाचा ‘कधीच वर न जाणारा’ आकडा!

उपाय सोपा निघाला. ६४ बिटांचा मोजणारा आकडा त्याच पेटीत होता, पण तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीतून वाचता येत नाही, दुसऱ्या आवृत्तीपासून पुढे वाचता येतो. सेटिंग बदललं आणि त्याच रात्री आलेख ९०० च्या वर गेला. मॅडमनी तो पाहिला आणि म्हणाल्या, ‘मग आधी का नाही सांगितलंत?’ (मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर कृपया हसा.)

दुसरी गोष्ट सरासरीची. पाच मिनिटांपैकी २० सेकंद लाइन काठोकाठ भरली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली, तर सरासरी ७ टक्क्यांच्याही खाली येते. त्या २० सेकंदांत ज्याचा व्हिडिओ कॉल तुटला त्याला विचारा, सात टक्के म्हणजे काय!

ती रात्र

आता मूळ गोष्ट. ही लिहिताना माझा हात जड होतोय, पण लिहिते.

तेव्हा कमिटीत आम्ही सहा जण होतो, चार मुलं आणि दोन मुली. गेटवेच्या सॉफ्टवेअरला लॉगिन एकच होतं, ‘अ‍ॅडमिन’. पासवर्ड सहाही जणांना माहीत. शिवाय आधीच्या कमिटीतल्या पासआउट सीनियर्सना माहीत, आणि नेटचं काम बघायला येणाऱ्या काकांना माहीत. काका म्हणजे कंत्राटावर काम करणारे टेक्निशियन. क्रिंपिंग टूल, एक जुनी बॅग आणि स्कूटर. आपल्या रूममधल्या बहुतेक वायरी त्यांच्याच हातच्या आहेत.

ऑक्टोबरमधली गोष्ट. संध्याकाळी लाइट जाऊन आली होती, त्यामुळे बऱ्याच रूमची जुनी सेशन अडकली होती. एका ज्युनिअरने फोन केला, ‘ताई, आमच्या रूमचं काढून दे ना.’ मी लॅपटॉपवर यादी उघडली. शोधायच्या चौकटीत रूम नंबर टाकला, दोनच ओळी उरल्या. ‘सर्व निवडा’वर टिक केली. तेवढ्यात ते पान आपोआप रिफ्रेश झालं, माझा शोध पुसला गेला, आणि सगळी यादी परत आली, सगळ्या टिकांसह. मी बघितलं नाही. ‘डिस्कनेक्ट’ दाबलं. ‘नक्की का?’ असं विचारणारी खिडकी आली, तिच्यावर ‘हो’ म्हटलं. सबमिशनच्या रात्री जर्नलवर सह्या घेताना सर जसे न बघता सही करतात, तसं.

१८६ सेशन तुटली. दोन्ही हॉस्टेल. मग १८६ राउटर एकाच वेळी दारात येऊन ‘मला सोड, मला सोड’ करू लागले. आमचा रेडियस सर्व्हर म्हणजे लॅबमधून बाद झालेला एक पीसी, त्याचा श्वास कोंडला. सगळं सुरळीत व्हायला अकरा मिनिटं लागली.

त्या अकरा मिनिटांत मुलांच्या हॉस्टेलमधला फायनल इयरचा एक मुलगा एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट देत होता. टेस्ट आपोआप सबमिट झाली.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये लिहिलं होतं : ‘अ‍ॅडमिन, सर्व सेशन डिस्कनेक्ट, वेळ ९:२४.’ फाटकाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं होतं : काका यूपीएसची बॅटरी बदलायला आले संध्याकाळी ८:१०, गेले ९:३०. सर्व्हर रूममध्ये तेच होते. दोन कागद शेजारी ठेवले की उत्तर तयार. काका सांगत राहिले, ‘मी फक्त बॅटरीला हात लावला.’ त्यांना सांगण्यात आलं की चौकशी पूर्ण होईपर्यंत येऊ नका, या महिन्याचं बिल थांबवलं आहे.

त्या पीसीचं घड्याळ चौदा मिनिटं मागे होतं. खरी वेळ ९:३८ होती. तेव्हा काका फाटकाबाहेर पडून आठ मिनिटं झाली होती. मला खरी वेळ माहीत होती, कारण बटण मीच दाबलं होतं.

मी तीन दिवस गप्प बसले. कारण सांगत नाही, कारण चांगलं कारण नाहीच आहे. भीती वाटली, एवढंच. लॉगमध्ये माझं नाव नव्हतं, ‘अ‍ॅडमिन’ होतं. ते नाव सगळ्यांचं होतं, म्हणून कोणाचंच नव्हतं, आणि त्याच्या आड लपणं फार सोपं होतं. चौथ्या दिवशी सकाळी रेक्टर ऑफिसमध्ये गेले आणि म्हटलं, ‘मॅडम, ते मी केलं.’

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, ‘अगं, त्या माणसाने तीन दिवस कोणाकोणाला फोन केले असतील!’

काकांचं बिल निघालं. त्या कंपनीने टेस्ट पुन्हा घेतली नाही. मी त्या मुलाला भेटून सांगितलं. तो ‘ठीक आहे’ म्हणाला आणि निघून गेला. ठीक नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

परवानगी म्हणजे काय?

त्यानंतर मी या विषयावर हाताला लागेल ते वाचून काढलं. १९७५ साली एमआयटीतल्या जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी संगणकातली माहिती कशी राखावी यावर एक निबंध लिहिला. त्यात आठ तत्त्वं आहेत. त्यातलं एक म्हणजे, प्रत्येकाला त्याच्या कामापुरतीच परवानगी द्यावी, जास्त नको. दुसरं म्हणजे, ठरवून दिलेलं नसेल तर उत्तर ‘नाही’ असावं. पन्नास वर्षांपूर्वीचा निबंध, आणि आमच्या हॉस्टेलमध्ये पन्नास वर्षांनी त्यातलं एकही तत्त्व नव्हतं.

१९९२ साली अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेच्या डेव्हिड फेराओलो आणि रिचर्ड कुन यांनी भूमिकेवर आधारित परवानग्यांची पद्धत मांडली. २००४ साली तिचं अमेरिकन प्रमाणक झालं. कल्पना साधी आहे. परवानगी माणसाला द्यायची नाही, भूमिकेला द्यायची, आणि माणसाला भूमिका द्यायची. मेस सेक्रेटरी बदलला तरी कोठाराची किल्ली पदाकडेच राहते, तसं. माणूस गेला की भूमिका काढून घ्या, दहा ठिकाणी शोधत बसायला नको.

आजची सॉफ्टवेअर हे देतात, वापरायचं आपल्यावर आहे. लिब्रेएनएमएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात मुख्यतः तीन पायऱ्या आहेत. सगळं करू शकणारा अ‍ॅडमिन, सगळं बघू शकणारा पण काही बदलू न शकणारा, आणि साधा वापरकर्ता. या तिसऱ्याला नेमून दिलेलीच यंत्रं किंवा पोर्ट दिसतात, काही नेमून दिलं नसेल तर पान रिकामं! हेच ते ‘ठरवलं नसेल तर नाही’. झॅबिक्समध्ये परवानगी वापरकर्त्यांच्या गटाला यंत्रांच्या गटावर दिली जाते. एका गटातून परवानगी मिळाली आणि दुसऱ्या गटातून स्पष्ट मनाई असली, तर मनाईच चालते.

एक सावधानता सांगते. नावावर विश्वास ठेवू नका. काही राउटरमध्ये ‘रीड’ नावाचा तयार गट असतो, म्हणजे फक्त वाचणारा. पण त्याची यादी उघडून बघितली तर त्यात राउटर रीबूट करायचीही परवानगी असते! गटाचं नाव काहीही असो, आत काय काय टिक केलंय ते एकेक करून वाचा.

एसएनएमपीचंही तसंच. पहिल्या दोन आवृत्त्यांत ‘कम्युनिटी’ नावाचा एक शब्द हाच पासवर्ड असतो, आणि तो वायरवरून उघडाच जातो. वाचायला ‘पब्लिक’ आणि बदलायला ‘प्रायव्हेट’ हे शब्द इतके प्रसिद्ध आहेत की ते ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. तिसरी आवृत्ती २००२ साली पूर्ण प्रमाण झाली. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याला वेगळं नाव, सांकेतिक संदेश, आणि कोणाला यंत्रातला कुठला भाग दिसावा हे ठरवायची सोय आहे. पहारा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला फक्त वाचायची परवानगी पुरते. बदलायची देऊच नका.

नुसतं बघणं

इथपर्यंत आम्हाला वाटत होतं की धोका फक्त बदलण्यात आहे. बघण्याने काय होतंय?

मग हे झालं. मुलांच्या हॉस्टेलमधल्या एका कमिटी मेंबरने कँटीनमध्ये माझ्या मैत्रिणीला गमतीत म्हटलं, ‘काल तीन वाजेपर्यंत जागी होतीस ना? एवढं काय बघत होतीस?’ ती हसली नाही. त्याने तिच्या रूमचा आलेख पाहिला होता, एवढंच. पण त्या दिवसापासून ती रूमचं नेट वापरत नाही, स्वतःच्या मोबाइलचा डेटा विकत घेते.

गेटवेला तुमच्या वेबसाइटवरचा मजकूर सहसा दिसत नाही, कारण बहुतेक सगळं आता सांकेतिक स्वरूपात जातं. पण कोण, कधी, किती वेळ आणि किती, हे सगळं दिसतं. कोण कधी झोपतं, कोण सुट्टीत घरी गेलं, एवढं त्यावरून कळतं. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण कोर्टाचं सोडा. मुलींच्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात मुलांना प्रवेश नाही म्हणून आपण फाटकावर वॉचमन बसवतो, आणि त्याच मुलींच्या रात्रीच्या जागरणाचा आलेख ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड माहीत असलेल्या कोणालाही दाखवतो, हे मला तरी विचित्र वाटलं.

आम्ही काय बदललं

रेक्टर मॅडम, काका आणि कमिटी असे एका शनिवारी एकत्र बसलो आणि एका कागदावर लिहून काढलं. दुसऱ्या हॉस्टेलवाल्यांनाही उपयोगी पडेल म्हणून देते.

१. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, स्वतःच्या नावाचं. काकांचंही. हे त्यांनीच पहिल्यांदा मागितलं, ‘माझं नाव वेगळं लिहून येऊ दे,’ म्हणाले.

२. चार भूमिका. कमिटी मेंबरला एकूण वापराचे आलेख आणि पेटीची तब्येत दिसते, रूमवार काही दिसत नाही. ड्युटीवरचा मेंबर स्वतःच्या हॉस्टेलची अडकलेली सेशन बघू शकतो आणि एका वेळी एकच तोडू शकतो. टेक्निशियन सेटिंग बदलू शकतो. लॉग वाचायचा अधिकार रेक्टर ऑफिसला, पण लॉग पुसायचा अधिकार कोणालाच नाही.

३. खरा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड बदलून, कागदावर लिहून, पाकीट सील करून मॅडमच्या कपाटात. अगदीच आणीबाणी आली तर पाकीट फोडायचं, आणि फोडलं हे सगळ्यांना दिसतं.

४. लॉगची एक प्रत त्याच वेळी दुसऱ्या मशीनवर जाते. ज्या पेटीवर घटना घडली, तिच्या एकटीच्या साक्षीवर अवलंबून राहायचं नाही.

५. सगळ्यांची घड्याळं एनटीपीने जुळवली. सर्ट-इनने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं जुळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. आम्ही ते वाचलं काकांवर वेळ आल्यानंतर.

६. जूनमध्ये पासआउट होणाऱ्या प्रत्येकाचं लॉगिन बंद. नो-ड्यूज फॉर्मवर लायब्ररी आणि मेसच्या खाली आता एक नवीन ओळ आहे, ‘नेटवर्क लॉगिन बंद केले’.

यामुळे काम थोडं हळू झालं आहे, हे मान्य करते. पूर्वी अर्ध्या मिनिटात होणाऱ्या गोष्टीला आता तीन मिनिटं लागतात, आणि ड्युटीवरचा मेंबर व्हायवाला गेला असेल तर जास्तच. त्यावरून शिव्याही पडतात. पण मागच्या महिन्यात एकाने चुकून एक चुकीचं सेशन तोडलं, तर दहा मिनिटांत स्वतःच ग्रुपवर लिहिलं, ‘सॉरी, माझ्याकडून झालं.’ नाव लॉगमध्ये होतंच. कोणावर आळ आला नाही.

शेवटी एक गृहपाठ. आज रात्री आपापल्या रूमच्या राउटरचं पान उघडा आणि त्याचं युजरनेम-पासवर्ड बघा. दोन्ही ठिकाणी ‘अ‍ॅडमिन’ असेल, आणि बहुतेक असेलच, तर आधी पासवर्ड बदला. नाही जमलं तर कमिटीला सांगा, येऊन करून देऊ.

आणि काका, हा लेख तुम्हाला वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलेल्या अंकात मिळेल. तेव्हा ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर मी फक्त ‘मी केलं’ म्हटलं होतं. तुमची माफी मागायची राहून गेली होती. ती इथे मागते.

— एक विद्यार्थिनी
तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकी